पिकाच्या फोटोवर ठिकाण लावा, वाघाच्या फोटोवरून काढा



यंदाचं धान कापून झालं, पुंजणे लागले, चुरणं बाकी आहे. मध्ये चार दिवस हात मोकळे मिळाले म्हणून बरेच दिवस मनात असलेलं लिहून काढतो. या पानावर मी एरवी पऱ्हे, रोवणी, खत, कीड याच्याच नोंदी टाकतो. आज फोटोबद्दल लिहितो आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत आता एखाद्याच्या खिशात खर्रा नसेल, पण कॅमेऱ्याचा मोबाईल असतोच. मला तर त्याच्याही पुढचा नाद आहे. आठ वर्षांपूर्वी नागपुरातून जुना कॅमेरा घेतला, त्याला एक बऱ्यापैकी लांबची लेन्स. घरी बोलणी खाल्ली, पण नाद सुटला नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पिकाच्या आणि नुकसानीच्या फोटोवर ठिकाण, तारीख, वेळ सगळं लावा. वाघ, बिबट, अस्वल, हत्ती यांच्या फोटोवरून ठिकाण काढून टाका, आणि टाकायचाच असेल तर पंधरा-वीस दिवस थांबून टाका. आज आपण सगळे नेमकं उलटं करतो. वाघाच्या फोटोखाली गाव, नाला, गट नंबर सोडून सगळं लिहितो, आणि डुकरानं लोळवलेल्या धानाचा फोटो असा काढतो की तो कोणाच्या बांधीतला आहे हे आपल्यालाच महिन्याभरानं ओळखू येत नाही.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. एका माणसाचा हात मोडला तेव्हा आलं.

२०२४ च्या कार्तिकातली गोष्ट. आमचं शेत जंगलाला लागून आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. धान कापलेलं होतं, कडपा बांधीत पसरलेल्या होत्या. डुकरांसाठी मी माळ्यावर जागलीला होतो. उजाडता उजाडता नाल्याच्या बाजूच्या धुऱ्यावर वाघीण आली. मागं दोन बच्चे. पायाखाली कापलेल्या धानाची खुंटं, त्यांच्यावर दव, आणि मागून कोवळं ऊन. हात थरथरत होते तरी सात-आठ फोटो साधले. असा फोटो जन्मात एकदा मिळतो. घरी येऊन चहा प्यायच्या आधी टाकून दिला. वर लिहिलं, "आमच्या शेतातले पाहुणे", खाली गावाचं नाव आणि नाल्याचंही नाव.

दुपारपर्यंत मोबाईल वाजायचा थांबेना. ज्यांनी माझ्या पिकाच्या नोंदीवर कधी एक शब्द लिहिला नाही, ते सुद्धा वाहवा करत होते. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. संध्याकाळी धुऱ्यावर मोटारसायकली आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन चारचाक्या. कोणी तालुक्याहून, कोणी त्याच्याही पलीकडून. पोरं मोबाईल वर धरून नाल्याच्या झुडपात डोकावत होती. मी ओरडलो, पण माझंच निमंत्रण होतं, कोण ऐकणार? कोणीतरी शिट्ट्या मारल्या, कोणीतरी झुडपात दगड टाकला. वाघीण बच्च्यांना घेऊन दुसऱ्या अंगानं निघाली.

त्या अंगाच्या बांधीत आमच्या शेजारची काकू सरवा वेचत होती. वाघीण तिच्यापासून आठ-दहा हातांवरून गेली. तिनं काकूला काही केलं नाही. पण काकू जीव घेऊन पळाली, धुऱ्यावरून खाली आपटली आणि उजवं मनगट मोडलं.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "फोटू तुया होता बापू, हात माया मोडला." धान चुरायच्या दिवसांत तिची दीड महिन्याची मजुरी बुडाली. मला जमलं ते मी दिलं. फोटो काढून टाकला, पण तोवर तो कुठल्या कुठे गेला होता. आजही कोणीतरी तोच फोटो भलत्याच गावाच्या नावानं मला पाठवतो आणि विचारतो, "भाऊ, हा खरा आहे का?"

वाघिणीनं त्या दिवशी थोडं वेगळं वागायचं ठरवलं असतं तर? या प्रश्नानं मला बरेच दिवस झोप लागली नाही. आपल्या भागात हा प्रश्न हवेतला नाही. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यांचा फोटोशी काही संबंध नव्हता, पोटाशी होता. पण जिथं असं घडतं तिथं बच्चे असलेल्या वाघिणीला आपण गर्दी जमवून डिवचायचं, याला नाद म्हणत नाहीत. आणि गडचिरोलीत २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये काय झालं ते आठवा. कामासाठी आलेला एक तरुण मजूर जंगली हत्तीसोबत सेल्फी काढायला जवळ गेला आणि हत्तीनं त्याला मारलं. २०२१ साली छत्तीसगडकडून हत्तींचा कळप गडचिरोलीत आला, तेव्हापासून धानाचं नुकसान करणारा हत्ती आपल्याला माहीत आहे, पण हत्तीपासून किती दूर राहावं हे आपण अजून शिकतोच आहोत. मोबाईलच्या चौकटीत हत्ती लहान दिसतो. धावायला लागला की तो लहान नसतो.

दुसरी गोष्ट शिकारीची. २०२५ च्या जानेवारीत राजुऱ्याकडे बाहेरच्या राज्यातल्या वाघ-शिकारी टोळीचा म्होरक्या पकडला गेला. अशा लोकांना आज सगळ्यात आयती माहिती कोण देतं? आपलेच फोटो. "काल संध्याकाळी अमुक तलावावर" एवढं लिहिलं की पुरे. कोणी म्हणेल, मी ठिकाण लिहिलं नाही. पण फोटोत मागं डोंगरी, देवळाचं शिखर, तलावाची पाळ, विजेचा खांब दिसतो ना? आपल्या भागातला माणूस तेवढ्यावरून जागा ओळखतो. मी आता प्राण्याचा फोटो टाकायचा असेल तर आधी मागचं सगळं पाहतो, आणि ओळखीचं काही दिसलं तर तो फोटो घरातच ठेवतो.

आता यावर काही मित्र म्हणतात, "वाघाच्या फोटोमुळेच तर ताडोबाचं नाव जगभर झालं, त्यावर कितीतरी घरं चालतात." हे खरं आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प. पण मोहर्ली, कोलारा ही नावं पुण्या-मुंबईच्याच काय, परदेशातल्या माणसाच्याही तोंडी आली ती फोटोंमुळे. माया वाघिणीचे जितके फोटो निघाले तितके एखाद्या पुढाऱ्याचे निघाले नसतील. गाईड, जिप्सी चालवणारे, होमस्टेवाले, रिसॉर्टमध्ये कामाला जाणारी पोरं-पोरी, या सगळ्यांची चूल त्यावर पेटते. माझा एक भाचाच गाडी चालवतो.

पण तिथं गेट आहे, गाड्यांची संख्या ठरलेली आहे, सोबत गाईड आहे, गाडीतून उतरायची मनाई आहे, मोबाईलवर बंदी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातल्या पर्यटन भागात मोबाईल नको असं सांगितलं. एवढे नियम असूनही माणूस कसा चेकाळतो ते आपण ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात पाहिलं. एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बच्चे मध्ये आणि दोन्हीकडून पर्यटकांच्या गाड्या. नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, गाईड-चालकांवर कारवाई झाली. मग सांगा, आपल्या बांधीत गेट कुठे आहे? गाईड कोण आहे? दखल कोण घेणार? तिथं वाघीण कोंडली तर ती मोकळ्या वाटेनं निघते, आणि त्या वाटेवर आपली काकू सरवा वेचत असते. जंगलात पर्यटकाला नियम लावणारं कोणी आहे. शेतात तो नियम आपला आपणच लावायचा आहे.

म्हणजे कॅमेरा ठेवून द्यायचा का? काकूच्या प्रकरणानंतर मी दोन महिने हातात घेतलाच नव्हता. मग एकदा तुरीवरच्या अळ्या मोजताना उगाच फोटो काढला आणि लक्षात आलं की आठ वर्षांत मी वाघ शोधत फिरलो, पण स्वतःच्या बांधीचा एक धड फोटो माझ्याकडे नाही.

आता त्या बाजूचं सांगतो, कारण खरा फायदा तिथंच आहे.

२०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतात उभं राहून आपणच पिकाचा फोटो काढतो आणि ठिकाणासकट तो सातबाऱ्याच्या नोंदीला जातो. म्हणजे सरकारनं आपल्याला केव्हाच फोटोग्राफर करून टाकलं आहे. त्यात केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की खरीप २०२६ पासून जंगली प्राण्यांनी केलेलं पिकाचं नुकसान पीक विम्यात घेतलं जाईल. कोणते प्राणी आणि कोणता भाग ते राज्यानं ठरवायचं, आणि शेतकऱ्यानं ७२ तासांच्या आत ॲपवर ठिकाणासकट फोटो टाकून कळवायचं. वनखात्याकडे भरपाई मागायची तरी तीन दिवसांच्या आत तक्रार द्यावी लागते. रानडुक्कर, रोही, चितळ यांच्या वाटेवर शेती करणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी फोटो म्हणजे आता हौस राहिली नाही, तो कागद झाला आहे. आणि कागद नीट नसेल तर काय होतं हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे?

म्हणून नुकसानीचे फोटो मी असे काढतो. पहिला फोटो दूरून, सगळी बांधी आणि सोबत न हलणारी एखादी खूण, म्हणजे झाड, विहीर, मोटारीचं घर. दुसरा नुकसान कुठून कुठपर्यंत आहे ते दाखवणारा. तिसरा जवळून, लोळलेलं किंवा खाल्लेलं धान. चौथा पायाच्या ठशाचा, आणि ठशाशेजारी विळा ठेवून, म्हणजे आकार कळतो. हे सगळं होईपर्यंत धान उभं करायचं नाही, बांधी साफ करायची नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू आहे की नाही ते आधी पाहायचं. आणि मूळ फोटो जपायचा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्याच्या पोटातली तारीख-ठिकाणाची माहिती गळून पडते. कोणा साहेबांना पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कीड-रोगाचंही तसंच. कृषी सहायक साहेब किंवा सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रातले लोक फोटोवरून सल्ला द्यायला तयार असतात, पण आपण पाठवतो काय? उभ्या उभ्या वरून काढलेला हिरव्या रानाचा फोटो आणि खाली "साहेब, काय मारू?" यावर कोणी काय सांगावं! तुडतुडे असतात बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर. वरच्या पानाच्या फोटोत ते कधीच दिसणार नाहीत. धान फाकवून बुंध्याचा फोटो काढा आणि दुसरा दूरून, म्हणजे वाळलेले गोल गोल पट्टे दिसतील. गादमाशीचा चंदेरी पोंगा कांद्याच्या पातीसारखा पोकळ असतो, आणि खोडकिड्याची गाभेमर म्हणजे वाळलेला मधला सुरळा, ओढला की हातात येतो. दोन्ही उपटून शेजारी शेजारी तळहातावर ठेवून फोटो काढला तर साहेबांना एका नजरेत कळतं. पानावरचे ठिपके असतील तर पानाच्या दोन्ही बाजू, सोबत एक रुपयाचं नाणं. आणि शेकडा किती ते मोजून लिहा. शंभर फुटव्यांत पाच चंदेरी पोंगे असले तर गादमाशीचा विचार करायची वेळ आली असं समजतात. दोन असले तर फवारणीचे पैसे वाचतात. एक चांगला फोटो एका फवारणीइतका पैसा वाचवतो, हे मी स्वतःच्या खर्चाच्या वहीवरून सांगतो.

तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त आवडायला लागला आहे. आमच्या धुऱ्यावर एक जुना मोह आहे. त्याच्या बुडाशी एक दगड. दर पंधरा दिवसांनी त्या दगडावर उभं राहून, त्याच दिशेला, त्याच उंचीवरून एक फोटो. बस्स. वर्षाचे चोवीस होतात. वेगळा काढला तर एकही पाहण्यासारखा नाही, कोणी लाईक करणार नाही. पण ओळीनं लावले की बांधी बोलायला लागते. पाणी कोणत्या कोपऱ्यात शेवटपर्यंत तुंबतं, लाखोळी कुठं विरळ उगवली, बोडीचं पाणी कधी तळाला गेलं, मोह कधी फुलावर आला. मला एक गोष्ट त्यातूनच कळली. चंदेरी पोंगे ज्या तुकड्यात जास्त दिसले तो तुकडा आम्ही दरवेळी सगळ्यात शेवटी रोवतो. उशिरा रोवलेल्या धानाला गादमाशी जास्त लागते हे ऐकून माहीत होतं, पण स्वतःच्या बांधीत डोळ्यांनी दिसलं तेव्हा पटलं. यंदा तिकडून रोवणीला सुरुवात केली.

पाखरांचेही फोटो मी काढतो, पण आता कामाच्या नजरेनं. बांधीत पक्षी थांबे लावा असं सगळे सांगतात. आमच्याकडे हसत होते, काठ्या रोवून काय होतं म्हणून. मग एका सकाळी थांब्यावर बसलेल्या कोतवालाचा फोटो मिळाला, चोचीत पतंग. तो फोटो चावडीवर दाखवला. यंदा चार जणांनी थांबे लावले. वाघाच्या फोटोनं मला हजार लाईक दिले होते, या कोतवालानं चार बांध्या दिल्या.

नोंद किती मोलाची असते हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. १९८३ साली पटेल-३ धानात त्यांना वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपल्या, वेगळ्या लावल्या, आणि त्यातून एचएमटी आलं. दादाजींकडे कॅमेरा नव्हता, नजर होती. पुढं त्या वाणाच्या श्रेयावरून वाद झाला आणि २०१८ मध्ये दादाजी गेले. मला नेहमी वाटतं, त्या तीन लोंब्यांचा तारखेसकट एक फोटो असता तर! आज आपल्या प्रत्येकाकडे ती सोय आहे. बांधीत काही वेगळं दिसलं, लोंबी असो, रोग असो, न पडणारं धान असो, तर तारखेसकट फोटो काढून ठेवा. कोणाला दाखवायची घाई नाही.

एक शेवटचं, माणसांच्या फोटोबद्दल. कॅमेरा घेऊन मी मार्कंड्याच्या जत्रेला जातो, कधी भामरागडपर्यंत जातो. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा जिथं भेटतात तिथलं संध्याकाळचं पाणी पाहून यावंच. पण तिथल्या बाजारात बाहेरून आलेले लोक माडिया म्हाताऱ्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरतात, न विचारता. एका आजीनं पदरानं तोंड झाकलं तरी एकजण तिच्या बाजूनं फिरून फोटो काढत होता. मला त्या क्षणी काकूचं मनगट आठवलं. फोटो एकाचा आणि झळ दुसऱ्याला, हे इथंही तेच आहे. मी आता आधी विचारतो. हो म्हणाले तर काढतो आणि पुढच्या खेपेला छापील प्रत नेऊन देतो. आपल्या खेड्यांत अजूनही कितीतरी म्हाताऱ्यांचा आधार कार्डावरचा सोडून दुसरा फोटो नसतो. आमच्याच गावातल्या एका आजोबांचा रोवणीतला हसरा फोटो मी छापून दिला होता. ते गेल्यावर त्यालाच हार घातला. त्या घरच्या लोकांनी मला हात जोडले तेव्हा वाटलं, नाद वाया गेला नाही.

तर मंडळी, वाघ दिसला तर पाहा, डोळे भरून पाहा. दूर असाल आणि सुरक्षित असाल तर फोटोही काढा. मग वनरक्षकाला कळवा, आजूबाजूच्या शेतकऱ्यांना तोंडानं सांगा म्हणजे ते सावध राहतील. त्यांना कळणं गरजेचं आहे, जगाला नाही. फोटो घरी ठेवा. जागलीला जाणाऱ्याचा, सरवा वेचणारीचा आणि त्या बच्च्यांचाही जीव त्यात आहे.

आणि उद्या सकाळी शेतात गेलात की एक दगड ठरवा. त्यावर उभं राहून पहिला फोटो काढा. पुढच्या वर्षी याच दिवसांत आपण सगळे ते ओळीनं लावून पाहू.

ता. क. काकूचं मनगट आता बरं आहे. हे लिहायच्या आधी तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "लिव, पण माया फोटू टाकू नोको."